वेस्ट इंडिजचं तिकीट

आमच्या दुकानात येणारी बहुतेक माणसं घरी निघालेली असतात. दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, एका बाजूला केरळी हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला किराणा दुकान, त्यांच्यामध्ये आमची ट्रॅव्हल एजन्सी आहे. टेबलं दोनच. खुर्च्या कमी पडल्या की हॉटेलातून आणायच्या. कोची, काठमांडू, ढाका, मनिला, मुंबई एवढ्या नावांवर दुकान चालतं. घरी जाणाऱ्या माणसाला फार काही विचारावं लागत नाही. त्याला आपला विमानतळ माहीत असतो, सामान किती नेता येतं हे तर आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला फक्त तारीख हवी असते.

गोंधळ होतो तो घरी न जाणाऱ्यांचा. आणि त्यांच्याबरोबर माझा.

मी इथे कॉलेज सुटल्यावर काम करते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे वडील, अण्णा, शाळेची बस चालवतात. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की मला सगळं कळतं. या दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारे बाकीचे लोक तेल आणि गॅस कंपन्यांत आयुष्य घालवलेले आहेत. त्यांच्या शेजारी मी काय लिहावं हे बरेच दिवस सुचत नव्हतं. शेवटी ठरवलं, जे मला अजून नीट कळलेलं नाही तेच लिहावं. तसं माझ्याकडे भरपूर आहे.

आधी कामाबद्दल सांगते. मैत्रिणी विचारतात, आता सगळे मोबाइलवर तिकीट काढतात, मग दुकान कशाला? खरं आहे. पण ज्याला इंग्रजी रकान्यात आपलं नाव कुठे, वडिलांचं कुठे आणि आडनाव कुठे टाकायचं याची भीती वाटते, तो आमच्याकडे येतो. ज्याला वाटेत दोन-तीन विमानं बदलायची आहेत, तोही येतो. आमच्या कॉम्प्युटरला गावांची नावं लागत नाहीत. प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो, तो टाकायचा. कॉम्प्युटर फार आज्ञाधारक आहे. चुकीच्या गावाचा कोड टाकला तरी तो 'नक्की ना?' असं विचारत नाही. विमानात जागा आहे की नाही, एवढंच सांगतो.

आणखी एक. काढलेलं तिकीट त्याच दिवशी रद्द केलं तर बहुतेक वेळा काही नुकसान होत नाही. त्याला आम्ही 'व्हॉइड' करणं म्हणतो. दिवस उलटला की मग विमान कंपनीची मर्जी. दुकानाचे मालक म्हणतात, "आज की गलती आज खलास. कल की गलती बहुत भारी." मालकांना आम्ही सगळे इक्का म्हणतो. ते मलबारकडचे, आणि तिकडे मोठ्या भावाला इक्का म्हणतात. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही.

ईदची सुट्टी जवळ आली की लोकांना बेट हवं असतं. का ते मला माहीत नाही. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या देशात राहून माणसाला चौथ्या बाजूलाही समुद्र का हवासा वाटतो? मालदीव, झांझिबार, सेशेल्स, श्रीलंका, मॉरिशस. मला आधी वाटायचं, बेट म्हणजे बेट. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपलं होतं ते. आमच्या घरी तर बेट म्हणजे बांबूचं. एक कुटुंब बेटावर राहायला गेलं असं मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "लहान पोरं घिऊन? अगं, साप असत्यात की तिथं."

बेटांच्या बाबतीत माझा पहिला गोंधळ झाला तो नाशिकच्या एका जोडप्यामुळे. काका गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर, घर उम्म सलाल मोहम्मदला. बरोबर मुलगा आर्यन.

"बेट हवंय, पण पाणी फार नको," काकू म्हणाल्या.

मी काकांकडे बघितलं.

"म्हणजे मालदीव नको," काकांनी अर्थ सांगितला. "तिथं खोलीचं दार उघडलं की पाणी. याला पोहता येत नाही."

"आय कॅन स्विम, बाबा," आर्यन म्हणाला.

"बाथटबमध्ये," काकू म्हणाल्या.

मी मॉरिशस सुचवलं. डोंगर आहेत, उसाचे मळे आहेत, देवळं आहेत. उत्साहाच्या भरात मी हेही सांगितलं की तिथे मराठी माणसं आहेत, उसाच्या कामाला पूर्वी नेलेली, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली. हे मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. काका एकदम खूश झाले. आणि परत आल्यावर मुद्दाम दुकानात आले.

"तुझा मराठी माणूस भेटला बरं का. टॅक्सीवाला. आडनाव आपलंच, घरात गणपती बसवतो, आरती तोंडपाठ. पण मी मराठीत बोलायला लागलो तर नुसता हसतो. बोलतो फ्रेंचसारखं काहीतरी."

"क्रिओल," काकू म्हणाल्या. "आणि त्याची नि आर्यनची इंग्रजीत अशी गट्टी जमली की विचारू नकोस."

"मग तो मराठी की नाही?" मी विचारलं.

"तेच तुला विचारायला आलोय," काका म्हणाले. "तू वाचलंस ना."

मी हसून वेळ मारून नेली. पण त्यानंतर मी बेटांबद्दल मिळेल ते वाचायला लागले. वाचून गोंधळ वाढला. कुठलंही उष्ण बेट घ्यावं, तर त्याच्या गोष्टीत ऊस येतोच. राज्य कधी फ्रेंचांचं, कधी इंग्रजांचं, कधी डचांचं. मळ्यात राबायला आधी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. गुलामी कायद्याने बंद झाली तेव्हा करार करून हिंदुस्थानातून आणली. मग साखरेचे दिवस गेले, काही ठिकाणी केळी आली, मग केळ्यांचेही दिवस गेले आणि पर्यटक आले. एखाद्या बेटाला आमच्या कतारसारखा जमिनीखालचा गॅस लागला. पण बहुतेकांना समुद्र आणि ऊन एवढंच विकायला उरलं. काही बेटं प्रवाळाची, सपाट, वाळू पांढरी. काही ज्वालामुखीची, डोंगराळ, वाळू काळी. हे सगळं मी वाचत होते, पण त्याचा माझ्या कामाशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला पांढरी वाळू हवी असते, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

शिगवणकाका आले तो रविवार होता. दोह्यात रविवार कामाचा, मुंबईत सुट्टीचा.

शिगवणकाका गुहागरकडचे. बरवा अल बराहाला कामगारांच्या वसाहतीत राहतात. रिगर आहेत, म्हणजे क्रेनने उचलायचं वजन पट्ट्यांनी बांधायचं आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला वर, खाली, थांब असं सांगायचं. गणपतीला गावी जायचं तिकीट ते आमच्याकडेच काढतात. त्या दिवशी ते कामाच्या कपड्यांतच आले.

"बाय, वेस्ट इंडिजचं तिकीट काढ. आजचं मिळालं तर आजचं."

मला वाटलं, मॅच बघायला निघालेत. तसं मी बोलणारही होते. तेवढ्यात ते म्हणाले, "मंगेशला उतरवलाय तिकडं. पोटाचं ऑपरेशन झालंय."

मंगेश त्यांचा मुलगा. तो क्रूझवर कामाला आहे, म्हणजे पर्यटकांना बेटाबेटांवरून फिरवणाऱ्या मोठ्या बोटीवर, कपडे धुण्याच्या विभागात. त्याचं अपेंडिक्स फुटलं. बोटीवरच्या डॉक्टरने वाटेतल्या बंदरात त्याला हॉस्पिटलमध्ये पाठवलं आणि बोट पुढे गेली. मुंबईतल्या ज्या एजंटने नोकरी लावून दिली होती त्याने गावी मंगेशच्या आईला फोन केला, 'वेस्ट इंडिजमध्ये ॲडमिट आहे, काळजी करू नका.' त्यानंतर एजंटचा फोन लागत नव्हता आणि ऑफिस बंद.

"वेस्ट इंडिजमध्ये कुठे, काका?"

"किंग्स्टन. हे ऐक."

मंगेशने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला निरोप होता. मागे कसलं तरी यंत्र वाजत होतं आणि त्याचा आवाज पार खोल गेलेला. "पप्पा, मी बरा हाय. आयेला सांगा. किंग्स..." इथे यंत्राचा आवाज आडवा आला, "...मध्ये हाय. हितली रेती काळी हाय, चुलीतल्या राखंवानी. तुमी येव नका. चार्जिंग संपतंय." आणि बंद. नंतर त्याचा फोन लागलाच नाही.

"तो येऊ नका म्हणतोय," मी म्हणाले.

"म्हणूनच जायचाय," काका म्हणाले. "बरा असता तर तसं कशाला म्हणाला असता?"

इक्का कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. "किंग्स्टन किधर का? बहुत जगह में किंग्स्टन है."

"जमैका, इक्का! कभी रेडिओ नही सुना क्या?"

"हम फुटबॉल का आदमी है."

काकांनी मग भराभर नावं सांगितली. किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन. लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री ऐकून पाठ झालेली. "किंग्स्टनला उतरतो," ते म्हणाले. "तिथनं दुसऱ्या गावात हलवला असंल तर एसटी धरीन."

मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, म्हणून मी अण्णांना फोन लावला. "किंग्स्टन? अगं, जमैका!" अण्णा म्हणाले. "एवढंबी ठावं न्हाई? काय शिकवत्यात तुला त्या कॉलेजात?" फोन स्पीकरवर होता. काका आणि अण्णा एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, पण तिथल्या फास्ट बोलरांबद्दल ते असे बोलायला लागले की काकांच्या तोंडावर हसू आलं. आणि मग मंगेश आठवला असावा. बोलता बोलता त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

तिकीट काढणं सोपं नव्हतं. तिकडची बरीच बेटं भारतीय माणसाला आधी व्हिसा मागत नाहीत. पण अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा तिथला व्हिसा लागतो, आणि तो एका दिवसात कुणी देत नाही. इक्कांनी बऱ्याच खटपटीने असा मार्ग शोधला की युरोपातल्या एका विमानतळावर बाहेर न पडता थांबायचं आणि पुढचं विमान पकडायचं. त्याच रात्रीचं तिकीट निघालं. काका बॅग भरायला बरव्याला गेले. जाताना त्यांनी मंगेशचा निरोप माझ्या फोनवर पाठवून ठेवला, काही लागलं तर असावा म्हणून.

त्यांना हॉस्पिटलजवळ राहायला स्वस्त जागा शोधून द्यावी म्हणून मी गावाचं नाव टाइप करायला घेतलं. 'किंग्स' एवढी अक्षरं झाली आणि खाली नावांची रांग आली. किंग्स्टन. त्याच्याखाली किंग्सटाउन, सेंट व्हिन्सेंट.

मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. नकाशा उघडला. जमैका पार डावीकडे, मोठं बेट. सेंट व्हिन्सेंट उजवीकडे, खाली, छोट्या बेटांची जी माळ आहे तिच्यातला एक ठिपका. मधे पूर्ण समुद्र. मी मंगेशचा निरोप पुन्हा ऐकला. पुन्हा पुन्हा ऐकला. किंग्स्टन ऐकायचं ठरवलं की किंग्स्टन ऐकू यायचं. किंग्सटाउन ठरवलं की किंग्सटाउन. राहिली ती काळी रेती. सेंट व्हिन्सेंटला जिवंत ज्वालामुखी आहे, तिथली वाळू काळी, हे सापडलं. मला वाटलं, सुटलं कोडं. पण जमैकातही काही किनारे काळे आहेत, हेही लगेच सापडलं. मग मला काहीच कळेना.

मी इक्कांना सांगितलं. ते वैतागले. "सब बोलता है जमैका. तुम्हारा बाप भी बोलता है. वो आदमी पहले से टेन्शन में है, उसको और कन्फ्यूज मत करो." त्यांनी कॉम्प्युटरवर वेळ बघितली. मग म्हणाले, "लेकिन व्हॉइड करना है तो आज ही होगा. बुलाओ उसको."

काका बॅग घेऊनच आले.

"अगो, तू मॅच तरी बघितलीस काय कधी?"

"नाही, काका."

"मग?"

"मला नक्की माहीत नाही. पण सारख्या नावाची दोन गावं आहेत."

"असतील. पण मंगेश माझ्या मांडीवर बसून मॅच बघायला शिकला. तो किंग्स्टनच म्हणणार."

मी फोनवरचा नकाशा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"ह्या मधी निळा काय आहे?"

"समुद्र."

"सगळा?"

"हो, काका."

"मग एसटी..."

"नाही. हे सगळे वेगवेगळे देश आहेत. वेस्ट इंडिज नावाचा देशच नाही."

मी काहीतरी वाईट बोलले असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देश नाय? मग टीम कुणाची?"

मी वाचलेलं सांगायचा प्रयत्न केला. एक खलाशी हिंदुस्थान शोधत निघाला आणि तिकडेच पोचला, त्यालाच तो हिंदुस्थान समजला, म्हणून ते नाव. पुढे त्यातल्या बऱ्याच बेटांवर इंग्रजांचं राज्य होतं, ती क्रिकेटपुरती एकत्र आली. एकदा सगळ्यांचं मिळून एक राज्य करून बघितलं होतं, ते मोडलं. टीम राहिली. पण सांगताना मला वाटत होतं की आता यांना हे सांगून काय उपयोग. काका ऐकत नव्हते. ते निळ्या रंगावर बोट ठेवून बसले होते.

"म्हणजे मी उतरलो आणि पोरगा तिथं नसला," ते हळू आवाजात म्हणाले, "तर मी चालत पण जाऊ शकत नाय."

तेव्हा मला सुचलं की फोन करावा. किंग्स्टन मोठं शहर, हॉस्पिटलं बरीच. किंग्सटाउनला सरकारी मोठं हॉस्पिटल एकच दिसत होतं. नंबर मिळाला. दोह्यात दुपार कलली होती, तिकडे रविवार सकाळ. माझं इंग्रजी कॉलेजातलं आहे, परीक्षेत चालतं, फोनवर घाबरतं. एका बाईंनी उचलला. त्यांचं इंग्रजी गाणं म्हटल्यासारखं होतं, अर्धंच कळत होतं. मी विचारलं, तुमच्याकडे मंगेश शिगवण नावाचा भारतीय मुलगा आहे का?

त्या म्हणाल्या, पेशंटबद्दल फोनवर सांगता येत नाही, बाळा.

मी म्हणाले, त्याचे वडील कतारमधून निघालेत, कुठल्या बेटावर जायचं तेवढंच हवंय. त्या म्हणाल्या, नियम आहे. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, तुमच्याकडे वाळू काळी आहे का?

पलीकडे त्या खळखळून हसल्या. "काळी आहे. का, सुट्टीला येतेस?"

काकांना इंग्रजी कळत नव्हतं, पण हसणं कळलं. "हसते का ती?" ते घाबरून म्हणाले.

मी विचार न करता बोलत गेले. म्हणाले, तुम्ही मला काहीच सांगू नका. पण वॉर्डात जाऊन एक वाक्य मोठ्याने म्हणाल का? माझ्या भाषेतलं. तो तिथे असेल तर त्याला कळेल. नसेल तर कुणालाच कळणार नाही, नियमही मोडणार नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सांग."

"पप्पा. कुठं. येऊ. विचारतात."

"पापा," त्यांनी लिहून घेतलं असावं. "कूटम?"

"कुठं."

"कूटं. येव. आणि शेवटचं?"

"वि-चार-तात."

"विचार टाट." त्यांनी ते सबंध एकदा म्हणून दाखवलं. काका आणि इक्का दोघेही पुढे वाकून ऐकत होते. "ही प्रार्थना आहे का?" त्यांनी विचारलं. "आज रविवार, म्हणून विचारते."

मी म्हणाले, तसंच काहीसं.

त्यांनी फोन ठेवला. इक्कांनी शेजारून करक चहा मागवला. काकांनी बॅग मांडीवर घेतली, खाली ठेवली, परत मांडीवर घेतली. मी कॉम्प्युटरवर त्यांचं किंग्स्टनचं तिकीट उघडून ठेवलं होतं. मनात येत होतं, मंगेश जमैकात असेल तर? मी एका अनोळखी बाईला वॉर्डभर मराठी बोलायला लावलंय, आणि इकडे वेळ चाललाय. आणि तो किंग्सटाउनला असूनही त्या गेल्याच नाहीत तर? मग आम्ही शांतता ऐकून चुकीचा अर्थ काढणार. हे मी आधी का नाही विचारात घेतलं?

एक बांगलादेशी गिऱ्हाईक आलं. इक्कांनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं. तोही काही न विचारता आमच्याबरोबर काकांच्या फोनकडे बघत उभा राहिला.

फोन वाजला तेव्हा काकांना तो उचलताच येईना, बोट नुसतं काचेवरून घसरत होतं. शेवटी इक्कांनी उचलून दिला.

"पप्पा! ही बाय काय वाचतंय?" मंगेशचा आवाज होता, तिथल्याच कुणाच्या तरी फोनवरून, दमलेला पण हसणारा. "सगळ्या खाटांपुढं उभी राहून वाचतंय. म्हातारी माणसं आमेन म्हणतायत. तुमी येताय काय?"

"तू किंग्स्टनला ना रे?" काकांनी विचारलं.

"टाउन, पप्पा. किंग्सटाउन. सेंट व्हिन्सेंट."

"जमैका नाय?"

"जमैका कुठली? ती लांब ऱ्हायली."

काका रडले नाहीत. फोन कानाला तसाच धरून ते माझ्याकडे वळले आणि रिगर करतात तशी हाताची खूण केली. क्रेन थांबवायची असते तशी. इक्कांनी 'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', म्हणून तिकीट व्हॉइड केलं.

नवं तिकीट काढायला संध्याकाळ झाली. युरोपातून बार्बाडोस, तिथून छोट्या विमानाने पुढे. बार्बाडोसचं नाव ऐकून काकांनी फक्त एवढंच विचारलं, "हा पण देश?" मी हो म्हणाले. रात्री घरी अण्णांना सांगितलं तर त्यांनी नकाशा बघायला मागितला. मग म्हणाले, "पर टीम तर येकच हाय की." मी म्हणाले, हो. याच्यापुढे आमचं दोघांचं काही ठरलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. गोष्ट लहानशीच, पण तिच्यात किती जणांची चूक होती, की कुणाचीच नव्हती? काकांना ती गावं लहानपणापासून माहीत होती. मला त्यांच्यामधला समुद्र दिसत होता, पण तोही फोनवरचा, निळा. मी त्या दिवशी बरोबर ठरले, पण बरोबर ठरेपर्यंत मला काहीच खात्री नव्हती. कामात मुरलेल्या माणसांना अशी खात्री आधी येते की नंतर, हे मला कुणाला तरी विचारायचं आहे.

मधल्या दिवसांत काकांचा काही निरोप नव्हता. एक छोटं विमान वादळी हवेमुळे उशिरा सुटलं, एवढं आम्हाला कॉम्प्युटरवर दिसलं होतं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर मी दुकान उघडत असताना काकांच्या नंबरवरून फोन आला.

"ताई, मी मंगेश बोलतोय."

"काका पोचले?"

"सकाळीच. सिस्टरनं मला आरारूटची पेज दिली होती. पप्पांनी वाटी हातातनं घेतली, मला भरवली, उरलेली आपण खाल्ली, आणि आता खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेत. तुम्हाला फोन करायचा म्हणून नंबर काढून ठेवला होता, आणि तसेच झोपले. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे."

"बरं," मंगेश म्हणाला.

मग दोघांनाही काय बोलावं ते कळेना. मला त्याच्या बाजूने कुणाचं तरी घोरणं ऐकू येत होतं. मी 'बरं, ठेवते' म्हणाले आणि ठेवला. शटर पूर्ण वर केलं, दिवे लावले, कॉम्प्युटर चालू केला, आणि मग लक्षात आलं की तो स्वतः कसा आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.